पाटावरची वीस पावलं

मी भित्रा माणूस आहे. हे कबूल करायला मला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. अडतीस वर्षं पोरांपुढं छडी घेऊन उभा राहिलो, त्यामुळं पंचक्रोशीत माझा दरारा आहे. आजही बाजारात चाळिशीची माणसं मला बघून हातातली बिडी टाकतात. असा माणूस सकाळी उठल्या उठल्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठोके नीट पडताहेत का बघतो, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून मी कधी सांगितलं नाही.

राहात्यापासून थोडं आत, पाटाच्या कडेला आमची वस्ती आहे. सहा-सात घरं, पेरूच्या बागा आणि मग ऊसच ऊस. गेल्या उन्हाळ्यात माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज सकाळी अर्धा तास चालायचं, आणि दम लागला तर लगेच येऊन दाखवायचं. पहिली गोष्ट मी मान्य केली. दुसरीला नुसती मान हलवली.

चालायला आमच्याकडं एकच रस्ता, पाटाचा. डांबरी रस्त्यावर ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून असे येतात की तिथं चालणं म्हणजे मरण विकत घेणं. तेव्हा पाट. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून मुरमाची वाट. बायको पहिल्या दिवसापासून सोबत निघाली. जिभेखाली ठेवायची गोळी तिनं पदराच्या गाठीत बांधली होती. मी म्हटलं, अगं, मी लहान आहे का? तिनं उत्तर दिलं नाही, चपला घातल्या आणि फाटक उघडून उभी राहिली.

पुढं पावसाळ्यात मुलानं पुण्याहून मोबाईलवर एक वर्ग लावून दिला. निसर्गात मौनानं चालायचं, मन चालू क्षणावर ठेवायचं आणि शेवटी आभार मानायचे, असा तो वर्ग होता. शिकवणारा तरुण, मऊ आवाजात बोलणारा. मला आधी हसू आलं. पण त्यात नियम होते, आणि नियम दिसला की माझ्यातला मास्तर जागा होतो. मी वहीत सगळे उतरवून घेतले. चालताना एक शब्द बोलायचा नाही. दोघं असतील तर मध्ये वीस पावलं अंतर ठेवायचं, म्हणजे एकाचं मन दुसऱ्यात गुंतत नाही. मागं वळून बघायचं नाही, कारण मागं बघणं म्हणजे गेलेल्यात अडकणं. वाटेत एकदा खाली बसून एखादी बारीकशी गोष्ट जवळून न्याहाळायची. आणि चालून झालं की तीन गोष्टींचे आभार मोठ्यानं मानायचे. माझी आणखी एक भर होती: एक दिवस मी पुढं, एक दिवस ती पुढं. वर्गात मॉनिटर आलटून पालटून नेमायचो, तसं.

बायकोला हे सगळं पाटीवर लिहून समजावलं, कारण नुसतं सांगितलेलं ती हल्ली विसरते असं माझं मत झालं होतं. तिनं वाचलं आणि लगेच हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. जन्मभर बडबड केलेली बाई मौनाला इतक्या सहज तयार कशी झाली? मी त्याचं श्रेय स्वतःच्या शिकवण्याला दिलं.

माझं स्वतःचं कारण वेगळं होतं आणि ते आता लपवण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आधीपासूनच मला चढावर दम लागायला लागला होता. पाटावरच्या छोट्या पुलाच्या, म्हणजे मोरीच्या, अलीकडं जरा चढ आहे, तिथं चालता चालता बोललं की वाक्य तुटायचं, श्वासाला एक बारीक शिट्टी यायची. बायकोच्या ते लक्षात आलं असतं तर तिनं मला त्याच दिवशी नगरच्या दवाखान्यात नेलं असतं. परत ते टेबल, परत ती गार खोली, पायातून वर सरकणारी ती तार. त्या तारेची मला जेवढी भीती वाटते तेवढी मरणाचीही वाटत नाही. मौनात दम झाकला जात होता, वीस पावलांत शिट्टी ऐकू जात नव्हती. मी रोज तीन गोष्टींचे आभार मानायचो आणि चौथी मनात ठेवायचो.

राहिला वाघ. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात, वस्तीवर वाघच म्हणतात. उसात त्याचं घरदार आहे, तिथंच त्याची पिलं होतात. तोडणी सुरू झाली की फड एकेक करून उघडे पडतात आणि उरलेल्या उसात तो दाटीवाटीनं राहतो. त्या वर्षी तोडणी सुरू झाल्यावर शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग आमच्या शेजारणीची शेळी. पलीकडच्या बांधावर पिंजरा लावला होता, पण त्यात रोज एक मांजरच अडकायचं.

अशा दिवसांत आमच्याकडं माणसं कशी चालतात हे बाहेरच्याला वेड्यासारखं वाटेल. उगाच खाकरतात, काठी आपटतात, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतात, कुणी नसलं तर बैलाशी नाहीतर स्वतःशी बोलतात. शेळी गेलेली शेजारीण गुरांसाठी घास कापायला निघाली की तिचं बोलणं आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचं, आणि सोबत कुणीही नसायचं. वाघाला माणूस अवचित सामोरा आला नाही म्हणजे तो वाट सोडतो, एवढंच त्यामागचं शहाणपण.

शेजारणीनं मला एकदा मोरीवर गाठलंच. म्हणाली, "गुरुजी, ह्या दिसात पाटानं असं गप जाऊ नगा. जोडीनं चिकटून जावा, बोलत जावा, मागं बघत जावा. आन काय बी झालं तरी खाली बसू नगा. बसलेलं मानूस त्याला शेळीवानी दिसतं."

मी तिला सांगितलं की उजाडल्यावर वाघ दिसत नाही. हे मी कुठं वाचलं होतं ते मलाही आठवत नाही. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तिनं सांगितलेली एकेक गोष्ट माझ्या वहीतल्या नियमाच्या बरोबर उलटी होती. पण नियम मोडले असते तर बोलावं लागलं असतं, आणि बोललो असतो तर दम कळला असता. मी दोन्ही भीती तराजूत घातल्या आणि वाघापेक्षा तारेची भीती जड भरली. बायकोला काहीच सांगितलं नाही.

ती पुढं असायची त्या दिवशी माझी चिडचिड व्हायची, कारण ती सारखी मागं वळून बघायची. दहा पावलं गेली की मान मागं. मी हातानं खूण करायचो, पुढं बघ. ती बघायची आणि पुन्हा दहा पावलांनी मान मागं. एक दिवस मोरीवर बसल्यावर मी तिला चांगलंच झापलं. एवढासा नियम पाळता येत नाही, चौथीतल्या पोरांनाही कळतो, असं काहीबाही बोललो. ती माझ्या तोंडाकडं टक लावून ऐकत होती. मग म्हणाली, "मग रोज तुमीच पुढं चला ना. मी मागनं येते." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. उद्या तुझी पाळी, आणि उद्या तू एकदाही मागं बघायचं नाहीस.

दुसऱ्या दिवशी ती पुढं निघाली.

धुकं नव्हतं, पण गारठा होता. पाटाला पाणी सुटलेलं होतं. सूर्य नुकताच आमच्या पाठीमागं वर आला होता आणि उसाचे तुरे पिवळे दिसत होते. तिनं खरोखरच एकदाही मागं बघितलं नाही. पाठ ताठ, मान ताठ, शिक्षा झालेल्या पोरीसारखी चालत होती. मला थोडं वाईट वाटलं. त्या चढापाशी माझा दम संपला. पाटातून शेताला पाणी सोडायच्या चारीच्या लोखंडी दाराला टेकून मी उभा राहिलो, आणि वीस पावलांचं अंतर वाढत वाढत साठ-सत्तर पावलं झालं. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारायला श्वास नव्हता, आणि मौनही होतं. पुढं ती वाटेच्या कडेला उकिडवी बसली. न्याहाळायची गोष्ट सापडली असावी.

तेवढ्यात उसातून तो बाहेर आला.

आवाज झाला नाही. पाचट हललं असेल तर मला ते ऐकू आलं नाही. वाट रिकामी होती आणि मग वाटेवर तो होता, तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर, माझ्याकडं पाठ करून. आधी मला कुत्रंच वाटलं. मग शेपटी दिसली, लांब, टोकाशी किंचित वर वळलेली. तो तिच्याकडं बघत होता. ती पाठमोरी, खाली बसलेली, तिची हिरवी शाल डोक्यावरून घेतलेली. त्यानं एक पाऊल टाकलं आणि अंग जमिनीसरसं केलं.

मी ओरडलो. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज फुटला, शाळेच्या मैदानाच्या त्या टोकाला पोहोचायचा तो आवाज. मी तिला उठ म्हणालो, वाघ म्हणालो, मागं बघ म्हणालो. वाघाचा एक कान माझ्याकडं फिरला. ती हलली नाही.

मी काठी लोखंडी दारावर हाणली. घणघण आवाज झाला, पाटातला बगळा उडाला, वाघानं अख्खी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती तशीच बसून होती, हात पुढं करून गवतात काहीतरी चाचपत होती. आणि त्या क्षणी मला कळलं. तिला ऐकूच येत नाही. तिला काहीच ऐकू येत नाही.

मग मी धावलो. डॉक्टरांनी जिन्यावरसुद्धा धावू नका म्हणून सांगितलं होतं. काठी डोक्यावर फिरवत, बोंब मारत, अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असा ओरडत मी वाघाच्या अंगावर धावून गेलो. यात शौर्य शोधू नका. माझ्या डोक्यात एवढंच होतं की काल मी तिला मागं बघू नको म्हणालो होतो. वाघ उठला. घाई न करता, जणू त्याला आठवलं की दुसरीकडं काम आहे, अशा चालीनं वाट सोडून परत उसात शिरला. तुरे एका रेषेत हलत गेले आणि थांबले.

मी तिच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा माझी सावली तिच्या हातावर पडली. तिनं वर बघितलं. केण्याचं एक निळं फूल तिनं दोन बोटांत धरलेलं होतं. मी अजून ओरडतच होतो, थांबताच येत नव्हतं. ती माझ्या हलणाऱ्या तोंडाकडं बघून हसली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. गप्प. मौन आहे.

मी मुरमावर बसकण मारली. छातीत कुणीतरी मूठ आवळत होतं. तिचं हसू गेलं, तिनं पदराची गाठ सोडून गोळी माझ्या जिभेखाली ठेवली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. बोलता येईना म्हणून मी तिला हाताला धरून मागं नेलं आणि चारीच्या गळतीनं ओल्या झालेल्या मातीतले ठसे दाखवले. ती वाकून बघत राहिली. आधी ठशाकडं, मग उसाकडं, मग ती जिथं बसली होती त्या जागेकडं.

किती दिवसांपासून, एवढंच मी विचारलं. बोटानं कानाकडं खूण केली.

"दीड वर्स झालं," ती म्हणाली. "आधी डावा गेला. मग उजवा बी."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, आणि हे वाक्य मी रागानं म्हणालो, याची मला आजही लाज वाटते. ती माझ्या ओठांकडं बघत होती. आता मला कळलं, ती नेहमीच ओठांकडं बघत होती.

"तुमच्या छातीत स्प्रिंग बसवल्याव मी बहिरी हाय म्हनून सांगितलं असतं, तर तुमी मला संगं आनलं असतं का? बहिरं मानूस वाघाच्या वाटेनं कशाला, घरी बस म्हनला असता. मग तुमी एकटं पडला असता इथं, तर मला कोन सांगनार?" मग ती म्हणाली, "तुमी मागं असला की पडल्याचा आवाज मला यायचा न्हाई. म्हनून मी मागं बघत हुते."

मी तिचा हात धरला आणि दोघं चिकटून वस्तीकडं निघालो. वाटभर मी मोठ्यानं पाढे म्हणत होतो, कारण दुसरं काही आठवेना. बे एके बे पासून सुरुवात करून एकोणतीसपर्यंत गेलो. ओसरीवर शेजारीण उभी होती, तिनं आम्हाला हातात हात घालून पाढे म्हणत येताना बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मला त्याचंही काही वाटलं नाही. बायकोनं विचारलं, एवढा दम का लागलाय? मी म्हटलं, धावलो ना. तिनं ते मानलं.

दुपारी मी आभारांची वही काढली. मास्तराची खोड, रोजच्या सहा गोष्टी तारीखवार लिहिलेल्या. माझ्या बाजूला टिटवी होती, भारद्वाजाचं घुमणं होतं, चारीच्या दारातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता, कारखान्याचा लांबून येणारा भोंगा होता. तिच्या बाजूला बगळा, उसाचा तुरा, पेरूवरचं दव, धुक्यात दिसणारी चुलीच्या धुराची रेघ. गणपतीपासूनची सगळी पानं मी उलटली. तिच्या बाजूला एकही आवाज नव्हता. रोज समोरासमोर बसून, स्वतःच्या हातानं लिहून घेऊनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पोरांच्या वह्या तपासताना मी काना-मात्रा सोडत नसे. त्या दुपारी मी देवघरात जाऊन रडलो, आणि ती बाहेर ताक घुसळत होती, तिला ऐकू गेलं नाही.

मुलगा आला, तिला नगरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, आणि पंधरवड्यानं दोन्ही कानांत मशीन बसलं. पहिले दोन दिवस ती सारखी ते काढून ठेवायची. फोडणी टाकली की दचकायची, भांडं पडलं की माझ्यावर खेकसायची. नळ एवढा ओरडतो हे ठाऊक नव्हतं, म्हणायची. मी वाट बघत होतो ती तिसऱ्या दिवसाची. त्या दिवशी पाटावर जायचं ठरलं होतं, वाघ आदल्या रात्री पलीकडच्या पिंजऱ्यात सापडला अशी बातमी आल्यामुळं. एक सापडला म्हणजे सगळे सापडले असं नव्हे, हे मला माहीत होतं. चपला घालण्याआधी मी काठी दोनदा आपटून बघितली.

आता वहीतले नियम रद्द होते. शेजारणीचे नियम लागू होते. खांद्याला खांदा लावून, काठी आपटत, मोबाईलवर भजनं लावून आम्ही निघालो. उसातलं प्रत्येक पाचट हललं की माझी नजर तिकडं जायची. ती मात्र मान कलती करून ऐकत होती, जत्रेत आल्यासारखी. टिटवी ओरडली तेव्हा माझा हात दाबून थांबली. पाण्याच्या आवाजापाशी बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आज वहीत तिच्या बाजूला पहिला आवाज लिहायचा. तो कोणता असेल याचा मी मनात अंदाज बांधत होतो.

चढापाशी तिनं माझ्या खिशातला मोबाईल काढला आणि भजन बंद केलं. मला वाटलं, पाणी ऐकायचं असेल. मी चालत राहिलो. ती माझ्या शेजारून चालता चालता एकदम थांबली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी ती माझ्या ओठांकडं बघत नव्हती. कान पुढं करून, डोळे खाली घालून ती माझ्या छातीशी ऐकत होती. आत येणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर ती बारीक शिट्टी वाजत होती. मी श्वास रोखून धरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हे कवापास्नं हाय?" तिनं विचारलं.

धावलो त्या दिवसापासून, असं मी म्हणणार होतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण डोळ्यांसमोर ती पाठमोरी, खाली बसलेली, हिरवी शाल घेतलेली दिसली, आणि वाक्य पुढं सरकेना. उसात कुठंतरी काहीतरी सळसळलं. मी त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. त्या घटकेला मला वाघाची भीती वाटली नाही. भीती तिची वाटत होती, आणि त्या तारेची, आणि एवढे दिवस गप्प राहून मी जे केलं त्याची.

तिनं माझा हात सोडला नाही. डाव्या कानातलं मशीन बोटानं नीट बसवलं.

"बोला," ती म्हणाली. "आता मला ऐकू येतंय."